क्रीडांगणाकडून रणांगणाकडे : कीथ ट्रस्कॉट यांच्या जीवनकार्याचा एक अभ्यास

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास प्रामुख्याने राष्ट्रे, सेनापती आणि मोहिमा यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. युद्धकाळात लोकप्रिय खेळाडूंच्या कीर्तीला कोणते रूप देण्यात आले, हा प्रश्न त्या तुलनेने मागे राहतो. प्रस्तुत लेखात ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलपटू व वैमानिक कीथ विल्यम ट्रस्कॉट (१९१६-१९४३) यांच्या जीवनाचा आढावा घेतला असून, त्यांच्याभोवती उभी राहिलेली वीरप्रतिमा आणि प्रत्यक्ष घटना यांतील अंतर तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

खेळ आणि खेळाडू

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हे नाव भारतीय वाचकास क्रिकेटमुळे परिचित आहे. परंतु हिवाळ्यात त्याच मैदानावर एक अगदी निराळा खेळ चालतो, हे अनेकांना ठाऊक नसते. क्रिकेटपटूंना हिवाळ्यातही व्यायाम व्हावा या हेतूने मेलबर्नमध्ये जो खेळ आकारास आला, त्याचे पहिले नियम १८५९ मध्ये लिहिले गेले. अंडाकृती मैदान, अंडाकृती चेंडू, प्रत्येक संघात १८ खेळाडू, मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केल्यास ६ गुण आणि बाजूच्या खांबांतून गेल्यास १ गुण, असे या खेळाचे ढोबळ स्वरूप होय.

ट्रस्कॉट यांचा जन्म १७ मे १९१६ रोजी मेलबर्नच्या प्राहरान या उपनगरात झाला. तांबड्या केसांच्या माणसास 'ब्लूई', म्हणजे निळ्या, म्हणण्याची ऑस्ट्रेलियात गमतीदार रूढी आहे. तिला अनुसरून त्यांनाही हेच टोपणनाव मिळाले. १९३७ पासून ते मेलबर्न संघाकडून व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये खेळू लागले. १९३९ मध्ये कॉलिंगवूडला नमवून त्यांच्या संघाने अजिंक्यपद मिळविले. जुलै १९४० मध्ये ते हवाई दलात दाखल झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रशिक्षणातून रजा घेऊन अंतिम सामन्यात उतरले. रिचमंडचा ३९ गुणांनी पराभव झाला. प्रशिक्षणार्थी वैमानिकास अशी रजा मिळते, यावरून युद्धाच्या त्या टप्प्यावर शासन आणि समाज या दोघांनाही फुटबॉल किती आवश्यक वाटत होता, हे दिसून येते.

वैमानिक म्हणून जडणघडण

ब्रिटिश साम्राज्यातील देशांच्या संयुक्त हवाई प्रशिक्षण योजनेखाली त्यांचे पुढील शिक्षण कॅनडात झाले. मैदानावर चपळ असलेला हा खेळाडू वैमानिक म्हणून मात्र सुरुवातीस अडखळला. विमान उतरविताना जमिनीपासूनच्या उंचीचा त्यांचा अंदाज चुकत असे. हा दोष वीरगाथेत सहसा विनोद म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखकास तो विनोदापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

१९४१ मध्ये ते इंग्लंडमधील ४५२ क्रमांकाच्या ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले. स्पिटफायर विमानांच्या या तुकडीत आयरिश वैमानिक पॅडी फिनुकेन हे त्यांचे सहकारी होते. फ्रान्सच्या आकाशातील चकमकींत ट्रस्कॉट यांच्या नावावर किमान ११ शत्रूविमाने नोंदली गेली. १९४१ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश लढाऊ विमानदलाचे एकंदर दावे जर्मनांच्या प्रत्यक्ष हानीपेक्षा कितीतरी अधिक होते, हे पुढे दोन्ही बाजूंच्या नोंदी ताडून सिद्ध झाले आहे. त्यामुळे असे आकडे सावधपणेच वापरले पाहिजेत. यात कोणाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. काही सेकंदांच्या झुंजीत खाली काय पडले, हे पाहण्यास सवडच नसे. ट्रस्कॉट यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस दोनदा मिळाला आणि १९४२ च्या आरंभी स्क्वाड्रनचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले.

मायदेशी परतल्यावर १९४२ मध्ये ते मेलबर्नकडून आणखी एकच सामना खेळले. त्या वर्षी मेलबर्न क्रिकेट ग्राउंड लष्कराच्या ताब्यात गेले होते आणि जीलाँग संघाने स्पर्धेतून माघार घेतली होती. युद्ध सुरू असता खेळ चालू ठेवावा की नाही, याविषयी ऑस्ट्रेलियात तीव्र मतभेद होते. पदकविजेत्या वैमानिकाने फुटबॉलचा पोशाख चढवून मैदानात उतरणे हे त्या वादाला दिलेले एक उत्तरच ठरले.

मिल्न बे

त्यांच्या लष्करी कारकिर्दीतील खरे महत्त्वाचे पर्व न्यू गिनीच्या पूर्व टोकावरील मिल्न बे येथे घडले. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस तेथे जपानी सैन्य उतरले. २७ ऑगस्ट रोजी ७६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख पीटर टर्नबुल मारले गेले आणि नेतृत्व ट्रस्कॉट यांच्याकडे आले. येथील युद्ध आकाशातील द्वंद्वाचे नव्हते. संततधार पाऊस, चिखलावर पोलादी पट्ट्या अंथरून केलेली धावपट्टी आणि तिच्यापासून काही मैलांवर शत्रू, अशा स्थितीत किटीहॉक विमाने झाडांच्या शेंड्यांवरून जात जपानी तुकड्यांवर दिवसभर गोळीबार करीत. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जपान्यांनी माघार घेतली. बहुसंख्येने भारतीय सैनिक असलेल्या चौदाव्या सेनेचे ब्रह्मदेशातील सेनापती विल्यम स्लिम यांनी आपल्या आठवणींत या विजयाचा आवर्जून उल्लेख केला आहे. जपानी सैन्य अजिंक्य असल्याचा समज जमिनीवर प्रथम ऑस्ट्रेलियनांनी मोडला, असे त्यांचे मत होते.

मृत्यू आणि स्मृती

२८ मार्च १९४३ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील एक्समाउथ गल्फवर एका कटालिना विमानास सोबत करताना ट्रस्कॉट यांनी सरावादाखल त्याच्यावर लुटुपुटूचे हल्ले सुरू केले. समुद्र शांत होता. उंचीचा अंदाज चुकला आणि किटीहॉक पाण्यावर आदळले. त्या वेळी ते २६ वर्षांचे होते. शत्रूच्या गोळीने नव्हे, तर शिकाऊपणापासून सोबत असलेल्या उणिवेनेच बहुधा त्यांचा घात केला. लोकस्मृतीत मात्र ते युद्धात धारातीर्थी पडलेले वीर म्हणूनच राहिले. हे स्वाभाविक असले, तरी युद्धात सरावाच्या उड्डाणांत असंख्य तरुण वैमानिक मृत्युमुखी पडले, ही वस्तुस्थिती अशा प्रतिमेमुळे झाकली जाते.

१९४० च्या विजयी संघातील रॉन बरासी तोब्रुक येथे १९४१ मध्ये, हॅरॉल्ड बॉल सिंगापूर येथे १९४२ मध्ये आणि सिड अँडरसन १९४४ मध्ये मरण पावले. यांपैकी क्लबच्या वर्षातील सर्वोत्तम खेळाडूच्या पदकास नाव मिळाले ते ट्रस्कॉट यांचे. स्वतः युद्धकाळी वैमानिक असलेले लेखक आयव्हन साउथॉल यांनी १९५८ मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. किंबर्लेच्या किनाऱ्यावर १९४४ मध्ये सुरू झालेल्या लष्करी विमानतळासही त्यांचेच नाव देण्यात आले. तेथून डच ईस्ट इंडीजमधील जपानी ठाण्यांवर बॉम्बफेकी विमाने जात. युद्धानंतर अनेक दशकांनी त्याच धावपट्टीचा वापर समुद्रातील तेलक्षेत्रांकडे कामगार नेण्यासाठी होऊ लागला.