आवारातील झाडांचे कायदेशीर संरक्षण (महाराष्ट्र)

बंगल्याची बाग, वाड्याचे परसू, चाळीचे अंगण, गृहनिर्माण संस्थेचे आवार अशा खासगी निवासी जागांतील झाडांना महाराष्ट्राच्या शहरांत कायद्याचे संरक्षण आहे. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ हा त्याचा मुख्य आधार असून तो महानगरपालिका व नगरपरिषदांच्या हद्दीत लागू होतो. झाड कोणी लावले आणि सातबारा किंवा मिळकतपत्रिका कोणाच्या नावावर आहे, याने फरक पडत नाही. दारचे झाड मालकालाही परवानगीवाचून तोडता येत नाही. इंग्लंडमध्ये नियोजन प्राधिकरण ठरावीक झाडासाठी किंवा झाडांच्या समूहासाठी संरक्षणाचा स्वतंत्र आदेश काढते आणि मगच त्या झाडाला कवच मिळते. महाराष्ट्रात असे झाड निवडावे लागत नाही. कायदा सरसकट सर्व झाडांकडे पाहतो आणि ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

खासगी आवारांकडे कायद्याने लक्ष का द्यावे, हे मुंबईच्या वृक्षगणनेवरून कळते. २०१८मध्ये पूर्ण झालेल्या गणनेत शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली. त्यांपैकी १५ लाख ६० हजारांहून अधिक झाडे खासगी आवारांत होती, तर रस्त्याकडेची झाडे दोन लाखांच्याही आत. म्हणजे मुंबईची निम्म्याहून जास्त झाडे कुंपणांच्या आत आहेत. रस्ता रुंदीकरणात जाणाऱ्या वडासाठी लोक एकत्र येतात, ते योग्यच आहे. मात्र सोसायटीच्या मागच्या बाजूचे जांभूळ एखाद्या रविवारी सकाळी नाहीसे झाले तर त्याची बातमी होत नाही. शहराची सावली कमी होण्यात अशा बिनबोभाट तोडीचा वाटा मोठा आहे.

कायद्याच्या अंमलबजावणीसाठी प्रत्येक शहरात वृक्ष प्राधिकरण असते. महानगरपालिकेत आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. नगरसेवकांबरोबर झाडांचे जाणकारही सदस्य म्हणून घेण्याची तरतूद आहे. प्रत्यक्ष पाहणी वृक्ष अधिकारी करतो. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे, रोपवाटिका चालवणे आणि वृक्षलागवड करणे ही प्राधिकरणाची कामे होत.

झाड तोडणे म्हणजे बुंध्यावर करवत चालवणे एवढाच अर्थ कायद्याला अभिप्रेत नाही. झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे हे सारे तोडणेच ठरते. खोडाची साल गोलाकार सोलून काढणे, बुंध्याला भोके पाडून आत ॲसिड ओतणे, मुळांशी चुना किंवा रसायन टाकणे हे प्रकार त्यामुळे थेट गुन्ह्यात मोडतात. असे झाड काही महिन्यांत वाळते आणि मग ‘मृत झाड’ म्हणून तोडण्यासाठी रीतसर अर्ज येतो. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने बुंधा जमिनीपर्यंत नीट तपासला, तरच हे उघडकीस येते.

परवानगीचा मार्ग अर्जापासून सुरू होतो. मुंबईत तो महापालिकेच्या विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे द्यावा लागतो. अधिकारी जागेवर येऊन झाड पाहतो. त्यानंतर वृत्तपत्रात जाहीर सूचना येते आणि झाडावरही नोटीस लावली जाते. नागरिकांना हरकती नोंदवण्यासाठी सात दिवसांची मुदत मिळते. परवानगी मिळाल्यावरही १५ दिवस झाडाला हात लावता येत नाही. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच जागी किंवा दुसऱ्या योग्य जागी नवे झाड लावणे बंधनकारक असते. मेलेले, रोगट, वादळात उन्मळलेले किंवा जीवितास व मालमत्तेस धोका असलेले झाड काढू देण्याची सोय कायद्यात आहे आणि ती असायलाच हवी. पावसाळ्यात फांदी किंवा झाड कोसळून माणसे दगावतात, हे खरे दुःख आहे. मात्र ‘धोकादायक’ ठरवताना झाडाची जात, खोडातील पोकळी, झुकाव आणि मुळांची पकड पाहिली पाहिजे. पानांचा कचरा पडतो किंवा गच्चीतून समोरचे दिसत नाही, ही धोक्याची लक्षणे नव्हेत.

२०२१मध्ये या अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ असा दर्जा मिळाला. जेवढे वय तेवढी झाडे भरपाई म्हणून लावण्याचे तत्त्व आले. त्यानुसार ४० वर्षांच्या आंब्यासाठी ४० झाडे लावावी लागतात. २०० किंवा त्याहून अधिक झाडे तोडण्याचे प्रस्ताव राज्य पातळीवरील वृक्ष प्राधिकरणाकडे जाऊ लागले. विनापरवाना तोडीसाठी प्रत्येक झाडामागे एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. जुन्या झाडाचे मोल वयाने वाढते, हे कायद्याने प्रथमच एवढ्या स्पष्टपणे मान्य केले. अडचण भरपाईच्या जागेची आहे. सोसायटीच्या आवारात ४० झाडे मावत नाहीत. ती दूरच्या एखाद्या मैदानावर किंवा टेकडीवर लागतात आणि ज्या गल्लीतली सावली गेली, ती गल्ली उन्हातच राहते.

निवासी आवारांतील झाडांवरचे आजचे सर्वांत मोठे संकट म्हणजे इमारतींचा पुनर्विकास. जुन्या चार मजली इमारतीभोवती मोकळी माती असे. नव्या उंच इमारतीसाठी तळघर, वाहनतळाचे मजले आणि अग्निशमन गाडीची वाट हवी असते आणि त्यांखाली भूखंडाचा जवळजवळ प्रत्येक कोपरा खणला जातो. येथे वृक्ष कायद्याच्या जोडीला विकास नियंत्रण नियम येतात. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत मनोरंजनासाठी राखलेल्या मोकळ्या जागेच्या दर १०० चौरस मीटरमागे पाच झाडे, तर अभिन्यास (लेआउट) करावा न लागणाऱ्या छोट्या भूखंडावर दर ८० चौरस मीटरमागे एक झाड अशी अट होती. पुढे मुंबईसाठी ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४’ आली आणि उर्वरित राज्याच्या बहुतांश भागासाठी २०२०मध्ये एकत्रीकृत नियमावली लागू झाली.

मनोरंजनासाठीची ही मोकळी जागा नेमकी कोठे सोडायची, हा प्रश्न ‘कोहिनूर’ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. विकासकांना ती पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या छतावर दाखवायची होती. १९९१च्या नियमावलीनुसार सक्तीची किमान मनोरंजन जागा जमिनीवरच सोडली पाहिजे, असा निकाल न्यायालयाने डिसेंबर २०१३मध्ये दिला. आवारातील झाडांच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा आहे. स्लॅबवरच्या दोन-तीन फूट मातीत हिरवळ आणि चाफा जगेल, पण वड, चिंच किंवा आंबा तेथे वाढणार नाही.

कायद्याची खरी उणीव याच ठिकाणी दिसते. तो खोडे मोजतो, पण माती राखत नाही. झाडाला अन्नपाणी पुरवणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या दोनेक फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत पसरतात. आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना बुंध्याला काँक्रीटचा गळफास बसतो, गॅसच्या वा सांडपाण्याच्या नळासाठी खणलेला चर एका बाजूची मुळे कापून टाकतो, आणि असे झाड पहिल्या वादळी पावसात आडवे होते. तेव्हा दोष झाडाला दिला जातो. पुनर्रोपणाचेही तसेच आहे. वड, पिंपळ, उंबर ही झाडे उचलून लावली तरी बऱ्यापैकी तग धरतात. मोठे आंबे, चिंचा किंवा जांभळे क्रेनने हलवली की बहुतेक मुळे मागेच राहतात. कागदावर ‘पुनर्रोपित’ अशी नोंद झालेले झाड दोन पावसाळ्यांनंतर जगले आहे का, हे पाहिल्याशिवाय त्या नोंदीला अर्थ नाही.

फांद्यांच्या छाटणीलाही परवानगी लागते आणि खासगी आवारात तिचा खर्च संस्थेला करावा लागतो. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या खिडकीत आली असली, तरी परस्पर कुऱ्हाड चालवणे योग्य नाही. शेंडा आणि सगळ्या फांद्या उडवून झाड बोडके करण्याची पद्धत घातक आहे. मोठ्या जखमांतून बुरशी शिरते आणि नव्याने फुटलेल्या फांद्या कमकुवत जोडाच्या असतात. छाटणीपूर्वी घरटी पाहणेही आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२मध्ये शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी नष्ट करणे आणि घरटी विस्कटणे यांचाही समावेश आहे. पावसाळ्याच्या तोंडावर, बगळे आणि पाणकावळे विणीच्या बेतात असताना छाटणीची घाई होते, म्हणून ही तरतूद सोसायट्यांच्या कार्यकारिणींना माहीत असायला हवी.

नागरी हद्दीबाहेर १९६४चा वृक्षतोड नियमन कायदा लागू होतो. तो सर्व झाडांना नव्हे, तर साग, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, जांभूळ अशा अनुसूचित जातींना लागू आहे. गाव नगरपरिषदेत आले की त्याच घराच्या परसातील झाडांची कायदेशीर स्थिती बदलते.

शेजारच्या गोव्यात १९८४चा वृक्षसंरक्षण कायदा आहे आणि तेथील वृक्ष अधिकारी वनखात्याचे असतात. २०१६मध्ये तेथे माडाला वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आले आणि त्यामुळे अंगणातला माड पाडायला परवानगीची गरज उरली नाही. त्याला राज्यभर तीव्र विरोध झाला. २०१७मध्ये सरकारने माडाला राज्यवृक्ष घोषित करण्याचा आणि त्याचे संरक्षण पूर्ववत करण्याचा निर्णय घेतला.