उंबरठ्यावर जागणारी मुले

नागपूरच्या पूर्वेकडील कळमना हा भाग साऱ्या विदर्भाला परिचित आहे तो तेथील कृषी उत्पन्न बाजारामुळे. संत्री, मिरची, धान्य यांनी भरलेले ट्रक पहाटेपूर्वीच येथे येऊन लागतात आणि लिलाव, तोलाई व हमाली यांच्या गजबजाटात दिवस उजाडतो. कष्टावर जगणाऱ्या या वस्तीत, शहरातील इतर कोणत्याही वस्तीप्रमाणे, एखादे असे घर असते की जेथे दिवा रात्री उशिरापर्यंत जळत राहतो. मूल अभ्यास करीत असेल, असे शेजाऱ्यांना वाटते. वस्तुतः चौदा-पंधरा वर्षांचे ते मूल भट्टीवरून परतणाऱ्या वडिलांच्या पावलांचा कानोसा घेत असते. पावले सरळ पडत असतील तर झोपावयाचे. अडखळत असतील तर धाकट्या भावंडांना आतल्या खोलीत न्यावयाचे. हे गणित त्याला कोणी शिकविलेले नसते. असे घर केवळ हमालाचेच असते असेही नाही. साहेबांच्या बंगल्यातही हा दिवा जळतो, फक्त तेथील पडदे जाड असतात.

या मुलांना मानसिक आधार देण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आम्ही चाळून पाहिला, तेव्हा एक गोष्ट मनाला लागली. साहाय्याचा हात प्रथम मद्यपीपर्यंत पोहोचला, त्यानंतर त्याच्या पत्नीपर्यंत, आणि सर्वांत शेवटी मुलापर्यंत. घरातील सर्वांत लहान आवाज सर्वांत उशिरा ऐकू आला.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना मॅट टॅलबट हे नाव अपरिचित नसावे. डब्लिन शहरात १८५६ साली जन्मलेला हा मजूर आपल्याला ठाऊक आहे तो मद्यपाशातून सुटलेला तपस्वी म्हणून. परंतु तो स्वतः एका मद्यासक्त पित्याचा पुत्र होता, हे सहसा सांगितले जात नाही. बाराव्या वर्षी तो मद्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तेथेच पिऊ लागला. त्याचे बहुतेक भाऊही त्याच वाटेने गेले. १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने एका धर्मगुरूसमोर तीन महिन्यांसाठी मद्यत्यागाची शपथ घेतली, आणि पुढे ती जन्मभर पाळली. १९२५ साली मिस्सेला जात असताना रस्त्यातच त्याचे देहावसान झाले, आणि १९७५ साली ख्रिस्तसभेने त्याला ‘वंदनीय’ म्हणून घोषित केले. त्याच्या चरित्रातून ईशकृपेचे सामर्थ्य दिसते, यात शंका नाही. तथापि बारा ते अठ्ठावीस या सोळा वर्षांत त्या मुलाचा हात धरणारे कोणी भेटले असते तर, हा प्रश्नही त्या चरित्रातच दडलेला आहे.

मद्यासक्ती हा केवळ दुर्गुण नसून आजार आहे, ही जाणीव विसाव्या शतकात रुजली. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन नगरीत बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही चळवळ जन्मास आली. त्याच नगरीतील सेंट थॉमस या कॅथोलिक रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीने १९३९ सालापासून मद्यपींना इतर रुग्णांप्रमाणे दाखल करून घेण्यास आरंभ केला. बरा होऊन जाणाऱ्याच्या हाती ती येशूच्या पवित्र हृदयाचे पदक ठेवी, आणि पुन्हा प्यावेसे वाटले तर आधी हे पदक मला परत आणून द्या, असे बजावी. मद्यपीकडे पापी म्हणून बोट दाखविण्याच्या त्या काळात एका धर्मभगिनीने त्याला खाट दिली, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

पती सभेला जात, तेव्हा पत्नी बाहेर थांबत. त्यांच्याही मनाला जखमा आहेत, हे ओळखून बिल यांच्या पत्नी लोइस विल्सन यांनी १९५१ साली एका सहकारी भगिनीसह कुटुंबीयांसाठी ‘अल-अॅनॉन’ची स्थापना केली. मुलांची पाळी १९५७ साली आली, आणि तीही एका मुलानेच आणली. कॅलिफोर्नियातील एका सतरा वर्षांच्या मुलाने आपल्यासारख्या काही सोबत्यांना एकत्र करून किशोरांचा गट सुरू केला. त्यातूनच ‘अल-अॅटीन’ उभे राहिले. तेथे मुले आपसांत मोकळेपणी बोलतात, अनुभवी प्रौढ सोबतीला असतात आणि ऐकलेले बाहेर जात नाही. तीन गोष्टी तेथे मनावर बिंबविल्या जातात : हा आजार तू निर्माण केलेला नाहीस, तो तुझ्या ताब्यात नाही, आणि तो बरा करणे हे तुझे काम नाही. ज्या मुलाने आपण पहिला क्रमांक मिळविला तर बाबा पिणे सोडतील, या आशेवर वर्षे काढलेली असतात, त्याच्या खांद्यावरून केवढे ओझे उतरत असेल!

संशोधकांचे लक्षही हळूहळू या मुलांकडे वळले. कॅनडातील मार्गारेट कॉर्क यांनी ११५ मुलांशी बोलून १९६९ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांना ‘विसरलेली मुले’ म्हटले. बाटलीपेक्षाही आईवडिलांची भांडणे या मुलांना अधिक पोखरतात, असे त्यांना आढळले. १९८१ साली क्लॉडिया ब्लॅक यांनी अशा घरांतील तीन अलिखित नियम मांडले : बोलू नको, विश्वास ठेवू नको, भावना जाणवू देऊ नको. एमी वर्नर यांनी हवाईतील कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला, तेव्हा आशेचा किरणही दिसला. मद्यपी पालकांची अनेक मुले सुस्थिर आयुष्य जगू शकली. आणि अशा मुलांच्या जीवनात बहुधा एक तरी विश्वासू, मायेचे माणूस होते. ते आजी असो, शिक्षक असो वा शेजारी असो, एक माणूस पुरेसा ठरू शकतो.

आपल्या महाराष्ट्रातही क्रम तोच राहिला. १९८१ साली फादर जो परेरा यांनी मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये ‘कृपा फाउंडेशन’चा आरंभ केला. स्वतः मद्यपाशातून बाहेर आलेल्या या धर्मगुरूने बारा पायऱ्यांच्या साधनेला अय्यंगार योगाची जोड दिली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभारले आणि रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबालाही उपचारांत सामावून घेतले. विदर्भात कायद्याचा मार्गही अवलंबिला गेला : वर्धा जिल्ह्यात १९७५ साली, तर गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली, चंद्रपूरची बंदी २०१५ साली लागू होऊन २०२१ साली उठली. या लढ्यांत स्त्रियांनी दाखविलेले धैर्य वंदनीय आहे. परंतु बंदी दुकानाला कुलूप लावू शकते; मुलाच्या मनाला पडलेले कुलूप उघडण्यास माणूसच लागतो.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना मद्यपानाच्या समस्येसाठी साहाय्याची गरज आहे. त्यांच्या मागे घरोघरी किती मुले उभी असतील, याचा विचार प्रत्येकाने करावा.

धर्मग्रामाने काय करावे? नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ सालची. तेव्हापासून शाळा हा येथील ख्रिस्तसभेचा बळकट हात राहिला आहे. पिता व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढेल तेव्हा चढेल. मूल मात्र रोज शाळेत आणि रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात येते. तेथे आपण त्याला चौथी आज्ञा शिकवितो. मातापित्यांचा मान राखावा हे खरेच. परंतु मान राखणे म्हणजे मार निमूट सोसणे नव्हे आणि घरातील आजार लपविणेही नव्हे, हे त्याच वर्गात स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे. नाहीतर आपल्या मनातला राग हेच पाप, असे समजून ते मूल पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहते.

दृढीकरणाच्या तयारीत एक तास या विषयाला द्यावा. किशोरांच्या गटासाठी धर्मग्रामातील एखादी खोली आठवड्यातून एकदा मोकळी ठेवावी, आणि तेथे उपदेशापेक्षा ऐकण्याचे कौशल्य असलेली माणसे नेमावी. मार बसत असेल वा जीवाला धोका असेल तर बाल साहाय्यासाठी १०९८, मन खचले असेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ आणि व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ हे क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर लावावेत. आणि बारशा-लग्नाच्या मेजवानीत ग्लासाविना पाहुणचार होतो की नाही, याचाही विचार आपण कुटुंबांनी करावा.

उधळ्या पुत्राचा दाखला आपण प्रत्येक प्रायश्चित्तकाळात ऐकतो. ज्या घरांविषयी आम्ही लिहीत आहोत, तेथे दूरदेशी गेलेला असतो तो पिता, आणि वाटेकडे डोळे लावून बसलेले असते ते मूल. त्याच दाखल्यात थोरला मुलगाही आहे. निमूटपणे शेतात राबणारा, आणि मेजवानीच्या दिवशी राग अनावर होऊन दाराबाहेर थांबलेला. त्याची समजूत घालण्यासाठी पिता घरातून बाहेर आला, याची आठवण आम्ही फारशी ठेवीत नाही. व्यसनमुक्त होऊन परतणाऱ्या पित्याचे स्वागत धर्मग्रामाने आनंदाने करावेच. मात्र त्याच वेळी कोणीतरी बाहेर जाऊन, दाराशी उभ्या असलेल्या मुलाजवळ थांबावे आणि त्याचे काय म्हणणे आहे, ते आधी ऐकून घ्यावे.