तेरा नंबरचा नकार

नकार पचवायची मला सवय आहे. रेशनच्या दुकानात, बँकेच्या खिडकीशी आणि लग्नाआधी दोन-तीन दिवाणखान्यांत मी तो पचवलेला आहे. पण या सगळ्यांनी निदान कारण तरी दिलं होतं. एका ठिकाणी तर पत्रिकेतला मंगळ पुढे केला होता. कारणाशिवाय नकार दिला तो कॉम्प्युटरनं.

झालं असं, की भाच्यानं माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवून दिलं आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला शिकवलं. सोसायटीच्या हिशेबाची, माझीच एक फाईल मी खोडायला गेलो. उत्तर आलं, 'पर्मिशन डिनाइड'. कोणाची परवानगी, का नाकारली, अर्ज कुठे करायचा, काही नाही!

हा तुटकपणा वडिलोपार्जित आहे. लिनक्सनं रीतिभाती उचलल्या त्या युनिक्सच्या. युनिक्सचा जन्म 1969 सालचा, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे त्याचे कर्ते. तेव्हा उत्तर पडद्यावर नव्हे, टेलिटाइप यंत्रावर कागदावर खडखडत उमटे, सेकंदाला जेमतेम 10 अक्षरं. तिथे पाल्हाळ कोणाला परवडणार? त्यांचा 'एड' नावाचा संपादक तर चूक झाली की नुसतं प्रश्नचिन्ह छापायचा. आमचे गणिताचे मास्तरही वहीवर एवढंच करीत.

शिवाय यंत्राचा गाभा कारण सांगतच नाही, नंबर सांगतो. 1979 च्या सातव्या आवृत्तीत 1 म्हणजे 'मालक नव्हे', 13 म्हणजे 'परवानगी नाही' आणि 25 म्हणजे चक्क 'हा टाइपरायटर नव्हे'! पुढे ई-मेल पोहोचली नाही, तरी कधीकधी हाच टाइपरायटर कारण म्हणून छापून येई. आधीच्या तपासणीतला नंबर तसाच पडून राहिलेला असे, एवढंच.

आमच्या 13 नंबरचंही तेच. फाईलपर्यंतच्या वाटेवरचा कोणताही फोल्डर बंद असो, की खुद्द फाईल बंद असो, उत्तर एकच. आपण आपले दारोदार.

मी चिडून फाईलला 777 लावलं, म्हणजे वाचा, लिहा, चालवा, सगळ्यांना मुभा. तरी 13! मग मुख्य पासवर्ड वापरून अख्खा फोल्डरच आतल्या सगळ्या फायलींसकट 777 करून टाकला. फाईल गेली. मी विजयी.

आठवड्यानं भाचा आला, तोवर नातवानं स्वतःच्या खात्यातून सोसायटीच्या ताळेबंदात क्रिकेटचा धावफलक लिहून ठेवला होता.

"अहो मामा, फाईल तुमची होती, पण फोल्डर मी मुख्य खात्यातून केला होता. फाईल खोडणं म्हणजे फोल्डरच्या यादीतून तिचं नाव काढणं. फोल्डरवर तुमचा हक्क नको का?"

म्हणजे रेशनकार्डासारखंच की! नाव आपलं, पण ते कमी करायचं तर रजिस्टर साहेबांचं. हे एक वाक्य यंत्रानं त्याच वेळी सांगितलं असतं, तर मी एकच दार उघडलं असतं. त्यानं मोघम 'नाही' म्हटलं आणि मी सगळा वाडा सताड उघडा टाकला. कड्या-कुलपं माणूस लबाडीनंच काढतो असं नाही; पुष्कळदा तो नुसता वैतागलेला असतो.

तेव्हा यंत्रांनो, नकार जरूर द्या. पण कारण सांगा. मंगळसुद्धा चालेल.