पेइंग गेस्ट (घरमालकासोबत राहणारा) : जागा रिकामी करून घेणे

घरमालक ज्या घरात स्वतः राहतो, त्याच घराचा काही भाग कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीला लायसन्सवर दिला, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार ती व्यक्ती ‘पेइंग गेस्ट’ ठरते. वाशी, नेरुळ, ऐरोली, खारघर या भागांत कॉलेजचे विद्यार्थी आणि नोकरदार तरुण असे राहतात. बोलण्यात त्यांनाही सर्रास भाडेकरूच म्हटले जाते. ओटा, फ्रिज, बाथरूम सगळे सामायिक. पैसे थकले, रात्री-अपरात्री मित्रांचा राबता वाढला, की मालकाला स्वतःच्याच घरात वावरणे नकोसे होते.

कायद्यात मात्र पेइंग गेस्ट आणि स्वतंत्र जागेचा लायसन्सी यांत मोठा फरक आहे. स्वतंत्र फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर दिला आणि मुदत संपूनही राहणारा हलला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पुढच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. समन्सनंतर ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागितली नाही, तर थेट ताब्याचा आदेश होतो. पण ‘लायसन्सी’च्या व्याख्येतून पेइंग गेस्टला वगळलेले आहे. त्यामुळे हा जलद मार्ग त्याच्याबाबतीत गृहीत धरता येत नाही. आधी लेखी नोटीस देऊन परवानगी रद्द करायची, निघायला आणि सामान हलवायला वाजवी अवधी द्यायचा, तरीही तो गेला नाही तर दिवाणी दावा लावायचा. वाशी-नेरुळ ठाणे जिल्ह्यात, तर खारघर रायगडमध्ये. दावा कोणत्या न्यायालयात लागणार, हे त्यावर ठरते.

म्हणूनच कागद नीट हवा. मालक त्याच घरात राहतो, कोणती खोली किंवा खाट दिली, काय सामायिक आहे, किती दिवसांच्या नोटिशीवर निघायचे, हे सारे त्यात यावे. नुसत्या मथळ्याने भागत नाही: दिल्लीच्या एका हॉटेलातील जागेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच सांगितले की दस्ताच्या नावापेक्षा त्यातला खरा व्यवहार पाहायचा.

संतापाच्या भरात कुलूप बदलून बॅगा जिन्यात ठेवणे हा अन्याय तर आहेच, शिवाय त्याने मालकाचीच बाजू लंगडी पडते. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा गेलेला माणूस विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावू शकतो. मारहाण, धमकी किंवा चोरी झाली असेल, तर मालकाने पोलिसांत तक्रार जरूर करावी. ताब्याचा निर्णय मात्र न्यायालयाचाच.

गोव्यातील एका घरावरून बहीण-भावातला असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बहिणीच्या मालकीच्या घरात राहणाऱ्या भावाने ताब्याच्या संरक्षणासाठी कलम ६ चाच आधार घेतला आणि खालची दोन्ही न्यायालये त्याच्या बाजूने गेली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: आपुलकीने फुकट राहू दिलेल्या माणसाला, तो कितीही वर्षे राहिला तरी, त्या घरावर हक्क मिळत नाही.