कागदावर नामशेष झालेले वार्पे #थ्रेड

१/
अर्जेंटिनातील मेंदोसा म्हटले की आज द्राक्षमळे आणि वाईन आठवते. परंतु अँडीजच्या पूर्व पायथ्याचा हा प्रदेश मुळात रुक्ष. शेती होते ती पर्वतावरील बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर. हे पाणी पाटांनी शेतात वळवण्याची विद्या स्पॅनिशांच्या आधीची, वार्पे लोकांची. (त्यांतले इंकांकडून किती आले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.) मेंदोसातील मुख्य कालव्यास आजही ग्वायमायेन या वार्पे प्रमुखाचे नाव आहे.

२/
वार्पेंची भूमी म्हणजे कुयो : आजचे सान हुआन, मेंदोसा आणि सान लुईस प्रांत. उत्तरेस आयेंतियाक, दक्षिणेस मिल्कायाक अशा त्यांच्या दोन भगिनीभाषा. मका पिकवावा, आपल्या शमीच्या कुळातील अल्गारोबो वृक्षाच्या शेंगा दळून ‘पाताय’ नावाची भाकर करावी, हा त्यांचा आहार. पर्वतात वसणारा हुनुक वार हा त्यांचा देव.

३/
ग्वानाकाचे येथील सरोवरांवर त्यांचे आगळे जीवन फुलले. लव्हाळ्याच्या जुड्या बांधून केलेल्या होड्यांतून मासेमारी चाले. बदकांची शिकार तर ऐकण्यासारखी. आधी पाण्यावर रिकामे भोपळे सोडायचे. बदके त्यांना सरावली की शिकारी स्वतः डोक्यावर भोपळा घालून पाण्यात शिरे आणि बदकाचे पाय धरून त्याला खाली ओढी. त्यांच्या टोपल्यांची वीण इतकी घट्ट की त्यांत पाणी राही.

४/
१५६१ मध्ये मेंदोसा व १५६२ मध्ये सान हुआन वसले, तेही चिलीच्या बाजूने आलेल्या स्पॅनिशांकडून. १७७६ पर्यंत कुयो चिलीच्याच अमलाखाली होता. ‘एनकोमिएंदा’ पद्धतीने वार्पे कुटुंबे वसाहतवाल्यांच्या नावे लावली गेली. कागदोपत्री संरक्षण, प्रत्यक्षात वेठ. पुरुषांना अँडीज ओलांडून सांतियागोकडे राबायला नेत. हिमाच्छादित खिंडींत कित्येक मेले, पोहोचलेल्यांतले अनेक परतलेच नाहीत.

५/
१६०७ मध्ये लुईस दे वाल्दिव्हिया या जेझुइट पाद्र्याने दोन्ही भाषांची व्याकरणे व धर्मशिक्षणाची पुस्तके लिमा येथे छापली. हेतू धर्मांतराचा, पण आज या भाषांविषयी जे ठाऊक आहे, ते मुख्यतः त्यामुळेच. मिल्कायाकचे पुस्तक तर दीर्घकाळ हरवलेले मानले जाई. विसाव्या शतकात ते कुस्को येथे सापडले.

६/
आता कळीचा प्रश्न. वार्पे खरोखर संपले का? सान हुआनचेच सुपुत्र व पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले सार्मिएंतो यांनी १८५० मध्ये आपल्या आठवणींच्या ग्रंथात त्यांचे वर्णन लोप पावलेला समाज म्हणून केले, आणि पुढे हेच गृहीत धरले गेले. वास्तविक वेठ चुकवून अनेकजण सरोवरांच्या आश्रयास गेले होते. वसुलीच्या याद्यांतून त्यांची नावे गळाली. पुढे त्यांना ‘लागुनेरो’, म्हणजे सरोवरवासी, म्हटले जाऊ लागले. नोंदवहीतून नाव जाणे आणि माणूस जाणे, यांतला फरक इतिहासलेखकांनी पाहिला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

७/
मग सरोवरेही गेली. वरच्या अंगाला द्राक्षमळे वाढले, नद्यांचे पाणी तिकडे वळले, आणि विसाव्या शतकात ग्वानाकाचे बहुतांशी आटले. मच्छीमारांचे वंशज शेळ्या पाळू लागले. १९९९ मध्ये ही सरोवरे रामसर यादीत आली.

८/
१९९४ च्या राज्यघटना-दुरुस्तीने अर्जेंटिनाने आदिवासींचे पूर्वास्तित्व मान्य केले. २००१ मध्ये मेंदोसा प्रांताने कायदा क्र. ६९२० करून लावाये भागातील ७ लाखांहून अधिक हेक्टर जमीन ११ वार्पे समुदायांना देण्याचे ठरवले. अंमलबजावणी मात्र वर्षानुवर्षे रेंगाळली. २०१० च्या जनगणनेत सुमारे ३४ हजार लोकांनी स्वतःची नोंद वार्पे म्हणून केली. मेंदोसा नदीचे पाणी मात्र आजही बहुतांश वरच्या ओलिताखालील क्षेत्रातच संपते.