धर्मगुरूंची एकांतसाधना : पॅरिसच्या ‘रिट्रीट’चा इतिहास

#थ्रेड

१/१५
सतराव्या शतकाचा आरंभ. फ्रान्समधील मादाम द गोंदी ही उमराव घराण्यातील स्त्री गावच्या धर्मगुरूकडे पापनिवेदनासाठी गेली. शेवटी पापक्षमेची लॅटिन वाक्ये उच्चारायची असतात. धर्मगुरू मात्र तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. त्याला ती वाक्ये येतच नव्हती!

२/१५
तिने एका विद्वान व्रतस्थाकडून ती वाक्ये कागदावर लिहून घेतली आणि पुढच्या वेळी तो कागद धर्मगुरूसमोर धरून ‘एवढे म्हणा’ अशी विनंती केली. आज हा प्रसंग विनोदी वाटतो. परंतु पापक्षमेवर मरणोत्तर गती अवलंबून आहे, असे मानणाऱ्या समाजात तो भयंकर होता.

३/१५
ही हकीकत तिने आपल्या घरी राहणाऱ्या धर्मगुरूला सांगितली. त्याचे नाव विन्सेंट डी पॉल. महाराष्ट्रातील कॅथलिक धर्मग्रामांत गरिबांना मदत करणारी ‘सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी’ परिचित आहे. ती १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली आणि पुढे तिला याच संताचे नाव मिळाले. धर्मगुरूंच्या जीवनातील त्याचे कार्य मात्र त्या मानाने कमी ज्ञात आहे.

४/१५
अशी अवस्था का झाली होती? ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी असावी, असा आदेश दिला होता. फ्रान्समध्ये धर्मयुद्धे, पैशाची चणचण आणि राजसत्तेशी मतभेद यांमुळे तो दीर्घकाळ बव्हंशी कागदावरच राहिला. उत्पन्नाची जागा मिळावी म्हणून दीक्षा घेणारे पुष्कळ होते. त्यांना घडवणारे कोणी नव्हते.

५/१५
स्वतः विन्सेंट याच व्यवस्थेचे अपत्य होता. शेतकऱ्याच्या या मुलाला १६०० मध्ये गुरुदीक्षा मिळाली, तेव्हा त्याचे वय जेमतेम १९ होते. ट्रेंटच्या नियमाप्रमाणे पंचविसावे वर्ष लागणे आवश्यक होते. १६१० मध्ये आईला लिहिलेल्या पत्रात तो चांगल्या उत्पन्नाची जागा मिळवून घरी परतण्याची आशा व्यक्त करतो. हा तरुण पुढे संत होईल, असे त्या पत्रावरून वाटत नाही.

६/१५
एकांतात जाऊन आत्मपरीक्षण करण्याची कल्पना जुनीच. तिला शिस्तबद्ध पद्धतीचे रूप दिले इग्नेशियस लोयोला यांनी. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत जखमी झालेला हा सरदार पुढे मान्रेसा येथे महिनोन्‌महिने प्रार्थनेत राहिला. त्या अनुभवातून चार ‘आठवड्यां’ची साधना सिद्ध झाली. पोपने १५४८ मध्ये तिला मान्यता दिली. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर याच साधनेतून गेले होते.

७/१५
१६०८ पासून जेझुइटांना दरवर्षी आठ दिवसांचा एकांतवास बंधनकारक झाला. पण ती एका संघाची शिस्त होती. खेड्यात एकट्याने राहणारा, ना गुरू ना सहकारी, असा सामान्य धर्मगुरू तिच्या बाहेरच होता. त्याच्यासाठी वाट निघाली ती एका घोडागाडीत.

८/१५
१६२८ चा उन्हाळा. बोव्हेचे बिशप ऑग्युस्तँ पोतिए विन्सेंटबरोबर प्रवास करीत होते. बिशपांनी डोळे मिटले. सोबत्यांना वाटले, झोप लागली. थोड्या वेळाने ते म्हणाले की झोपलो नव्हतो, उपाय शोधत होतो : दीक्षेच्या उमेदवारांना काही दिवस आपल्याच घरी ठेवून शिकवले तर? विन्सेंटने कल्पना उचलून धरली. त्याच सप्टेंबरात पहिला वर्ग भरला.

९/१५
१६३१ मध्ये पॅरिसच्या आर्चबिशपांनी दीक्षेपूर्वी अशी साधना सक्तीची केली. हे आर्चबिशप मादाम द गोंदी यांचे दीर! प्रारंभी ‘बाँझाँफाँ’ या जुन्या महाविद्यालयात आणि १६३२ पासून ‘सँ-लाझार’ या एकेकाळच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानात हे वर्ग भरू लागले. निवास आणि भोजन विनामूल्य असे. खर्चाचा बोजा विन्सेंटचा संघ आणि दानशूर स्त्रिया उचलत.

१०/१५
दिनक्रम कसा होता? सकाळी संस्कारविधी आणि नीतिशास्त्र यांवर व्याख्यान. सायंकाळी प्रार्थना व धर्मगुरूचे जीवन यांवर. त्यानंतर लहान लहान गटांत चर्चा. मिस्साविधीचा सराव, मौन आणि संपूर्ण आयुष्याचे पापनिवेदन. म्हणजे ज्ञान, आत्मशुद्धी आणि सहवास हे तिन्ही धागे दहा दिवसांत गुंफलेले होते.

११/१५
दहा दिवसांचे तेज किती काळ टिकणार? गावी परतल्यावर पुन्हा तोच एकटेपणा. साधनेतून गेलेल्या काही धर्मगुरूंनीच नियमित भेटीची इच्छा व्यक्त केली आणि १६३३ मध्ये सुप्रसिद्ध ‘मंगळवारच्या बैठका’ सुरू झाल्या. दर आठवड्याला एक विषय. प्रत्येकाने साध्या शब्दांत बोलायचे, पांडित्य मिरवायचे नाही. सँ-सुल्पीस सेमिनरीचे संस्थापक ओलिए आणि प्रख्यात वक्ते बॉस्युए हे या बैठकांत घडले.

१२/१५
हा केवळ विसावा होता काय? प्रश्न रास्त आहे. साधना सक्तीची होती आणि ती बिशपांच्या हातात होती. मोकाट धर्मगुरूंना शिस्तीत आणण्याचे हे साधन होते, यात शंका नाही. शिवाय आपली बरीचशी माहिती विन्सेंटचे स्नेही लुई अबेली यांनी १६६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रातून येते. चरित्रकार भक्त असला की इतिहासकाराने दोन पावले मागे उभे राहून वाचावे.

१३/१५
तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. अडाणी धर्मगुरूला शिक्षा करणे, काढून टाकणे हे मार्ग उपलब्ध होतेच. विन्सेंटने त्याला घरात घेतले, जेवू घातले, समवयस्कांबरोबर बसवले. या साधनेची मर्यादाही त्याने ओळखली. दहा दिवस अपुरे पडतात, हे पाहून १६४२ मध्ये त्याने बाँझाँफाँमध्येच दीक्षार्थींसाठी सेमिनरी सुरू केली.

१४/१५
सँ-लाझारचा शेवट विलक्षण. १३ जुलै १७८९ रोजी, बास्तीय पडण्याच्या आदल्या दिवशी, धान्याच्या शोधात असलेल्या जमावाने ही वास्तू लुटली. गरिबांच्या संताचे घर भुकेल्यांनीच फोडले! क्रांतिकाळात तिचा तुरुंग झाला. प्रथा मात्र टिकली : १९८३ च्या कॅथलिक धर्मविधीसंहितेनुसार दीक्षेपूर्वी किमान पाच दिवसांची साधना आवश्यक आहे आणि दीक्षित धर्मगुरूंनाही ठरावीक काळाने रिट्रीट बंधनकारक आहे.

१५/१५
महाराष्ट्रात या परंपरेला वेगळे वळण मिळाले. मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी इग्नेशियसच्या पद्धतीला श्वासावरील ध्यान आणि पौर्वात्य बोधकथांची जोड दिली. लोणावळ्याच्या ‘साधना’ संस्थेत धर्मगुरू आणि व्रतस्थ भगिनी शिकू लागल्या. डिमेलो यांच्या निधनानंतर, १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांवर आक्षेप नोंदवला. म्हणजे मोकळीक आणि शिस्त यांतील जुना ताण साडेतीनशे वर्षांनंतरही सुटलेला नव्हता.
समाजाचे दुःख ऐकण्यासाठी ज्याला नेमले आहे, त्याचे कोणी ऐकायचे? मंगळवारच्या त्या बैठकांनी दिलेले उत्तर साधे होते : त्याच्यासारख्याच दुसऱ्याने, दर आठवड्याला.

(समाप्त)