भोवऱ्याचा जन्मदाखला

पूर्णेच्या कालव्याला पाळी सुटली की वसमतकडच्या चाऱ्यांच्या दारांशी पाणी बिथरतं. दार दुप्पट उचललं म्हणून भोवरे दुप्पट होत नाहीत, सगळी नक्षीच पालटते. असल्या त्रैराशिक न मानणाऱ्या वागण्याला गणितात 'अरेषीय' म्हणतात. या खळबळीतून ठळक आकार वेगळे काढायचं जे तंत्र आज जगभर वापरतात, त्याचा जन्मदाखला मात्र पुण्याचा आहे.

फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी (हो, तेच इतिहासकार) यांनी १९४३ साली 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस' हा लेख छापला. त्यातली युक्ती पाण्याच्या भाषेत सांगायची तर अशी: पाण्याचा वेग नोंदत गेलं की वेडीवाकडी रेघ उमटते. अशा शेकडो रेघा घ्या आणि प्रत्येक रेघ म्हणजे एक बिंदू माना. बिंदूंचा हा ढग ज्या दिशेला सर्वांत जास्त पसरला असेल ती दिशा आधी उचला, मग तिला काटकोनातली पुढची. पुष्कळदा चार-दोन दिशांतच बहुतेक हालचाल सापडते, बाकीचा पसारा सोडून देता येतो. जॉन लम्ली यांनी १९६७ मध्ये हीच युक्ती खळबळत्या प्रवाहांना लावली.

पण तंत्राला नाव पडलं ते कारहुनेन आणि लोएव्ह या युरोपातल्या गणितज्ञांचं. त्यांचं काम दोन-चार वर्षांनी मागाहूनचं! कोसंबींचा लेख इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये होता. रामानुजन यांचा पहिला लेख १९११ मध्ये तिथेच आलेला, म्हणजे जर्नल ऐरंगैरं नव्हतं. पण महायुद्धाच्या धामधुमीत ते युरोपात कोण वाचणार?

दोष लेख छापून आला त्या पत्त्याचाच, असं मला वाटतं. कारण याच कोसंबींनी १९३३ साली वक्रमार्गांच्या भूमितीवरचा लेख जर्मनीच्या 'मॅथेमॅटिशे त्साइटश्रिफ्ट'मध्ये दिला, तेव्हा त्याच अंकात नामवंत गणितज्ञ एली कार्तां यांनी त्यावर टिपण लिहिलं. १९३९ मध्ये भूमितीतले गणितज्ञ चर्न यांनी भर घातली. तो सिद्धान्त आज 'कोसंबी-कार्तां-चर्न' म्हणून ओळखला जातो आणि अरेषीय प्रणालींचं स्थैर्य तपासायला वापरला जातो. कोसंबींना स्वतःला मात्र पत्त्याचं फारसं सोयरसुतक नसावं. रीमान गृहीतक या गणितातल्या प्रसिद्ध कोड्यावरचं आपलं पुढे न टिकलेलं काम त्यांनी चक्क कृषी-संख्याशास्त्राच्या जर्नलात छापलं.

२०११ मध्ये बंगळुरूचे प्रवाहशास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी 'रेझोनन्स'मध्ये १९४३ च्या लेखाची बाजू मांडली. हल्ली काही ठिकाणी 'कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह' असंही लिहिलेलं दिसतं.